काढलं साडेपाच, बसलं साडेचार: मागचा हीटर असलेल्या मिनीव्हॅनचं कूलंट बदलताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आठ वर्षांची, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेली मिनीव्हॅन, मागच्या प्रवाशांसाठी वेगळा हीटर. मॅन्युअलमध्ये कूलंटची क्षमता १२.५ लिटर दिली आहे. रेडिएटरच्या खालचा कॉक उघडल्यावर ५.५ लिटर निघालं, आणि नवं भरायला घेतलं तर ४.५ लिटरमध्येच तोंडापर्यंत आलं. जुनं गुलाबी होतं. नवं आणलंय ते हिरवं, ‘सर्व गाड्यांसाठी’ असं लिहिलेलं, तयार मिश्रणाचं. आता पुढचा हीटर कधी गरम कधी गार, मागचा गारच, आणि चढावर काटा मध्यावरून जरा वर सरकतो. उरलेलं ७ लिटर कुठे गेलं, आणि सगळं परत काढायचं का?

यात तीन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. ७ लिटर कुठे गेलं हा त्यातला सगळ्यात बिनधोक. गुलाबी-हिरव्याच्या सरमिसळीलाही थोडा वेळ आहे. आजचा प्रश्न आहे तो साडेपाच आणि साडेचारमधला एक लिटर. जेवढं बाहेर आलं तेवढं आत गेलं नाही, म्हणजे एक लिटर हवा अजून आत बसली आहे. हीटरचं गरम-गार होणं आणि काट्याचं सरकणं ही बहुधा तिचीच लक्षणं. तुम्ही मोजून काढलंत आणि मोजून भरलंत म्हणून हे कळलं. बरेच जण निघालेलं कूलंट न मोजताच टाकून देतात आणि मग वॉटर पंपापासून गॅस्केटपर्यंत सगळ्यांवर संशय घेत बसतात.

हवा निघेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. कूलंटचं काम धातूला चिकटून वाहत राहण्याचं आहे. सिलिंडर हेडमध्ये हवेचा फुगा बसला की तेवढ्या जागी धातूची उष्णता उचलायला कुणी नसतं. तिथे वाफ होते, वाफेने फुगा आणखी वाढतो. त्यातच तापमानाचा सेन्सर नेमका त्या फुग्यात आला तर तो द्रवाचं तापमान सांगतच नाही, आणि फॅन उशिरा लागतो. काट्यावरही फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तापमान वीसेक अंश वरखाली झालं तरी काटा मध्यावरच राहील अशी व्यवस्था केलेली असते. तो मध्य सोडतो तेव्हा आतलं तापमान आधीच बरंच चढलेलं असतं. साधा ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती दाखवणारं छोटं यंत्र, लावून अंशांतला खरा आकडा बघा. या कामात तो पान्याइतकाच उपयोगी आहे.

आता ते ७ लिटर. रेडिएटरचा कॉक म्हणजे रेडिएटरचा कॉक, पूर्ण इंजिनाचा नव्हे. थंड इंजिनात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व, बंद असतो, त्यामुळे ब्लॉक आणि हेडमधलं बरंचसं कूलंट जागच्या जागी राहतं. पुढच्या हीटर कोअरमध्ये, म्हणजे हीटरच्या आतल्या छोट्या रेडिएटरमध्ये, थोडं अडकतं. आणि मिनीव्हॅनचं खास म्हणजे मागचा हीटर. इंजिनापासून निघालेले दोन पाइप जमिनीच्या पत्र्याखालून मागे जातात आणि मागच्या बाजूच्या पॅनेलमध्ये, चाकाच्या वर बसवलेल्या कोअरपर्यंत चढतात. खाली उतरून परत वर चढणारा हा पाइप म्हणजे मोठा ‘यू’ झाला. पुढून कितीही काढा, त्या ‘यू’मधलं कूलंट हलत नाही. एकट्या मागच्या फेऱ्यात दोन-तीन लिटर सहज मावतं. म्हणून क्षमतेच्या निम्मंच निघालं यात तुमचं काही चुकलेलं नाही.

पुढे जे सांगतोय त्यातलं काही गाडीच्या रचनेवर अवलंबून आहे. झाकण रेडिएटरवर आहे की दाबाखालच्या टाकीवर, हवा काढायचा स्क्रू दिलाय की नाही, मागच्या हीटरच्या पाइपात व्हॉल्व आहे का, हे आधी मॅन्युअलमध्ये बघून घ्या. तुमची गाडी हायब्रिड असेल तर थांबा. तिथे इन्व्हर्टरच्या कूलंटचा वेगळा फेरा असू शकतो, पंप विजेवर चालतो, आणि हवा काढण्यासाठी तो पंप स्कॅनरमधून चालू करावा लागू शकतो. ते काम त्या गाडीची सर्व्हिस पुस्तिका समोर ठेवूनच करायचं.

रंगाबद्दल एकदाच सांगतो. कूलंटमध्ये पाण्याबरोबरचा मुख्य घटक, इथिलीन ग्लायकॉल, मुळात रंगहीन असतो. कंपनी त्यात हवा तो रंग घालते आणि कुठला रंग कशासाठी याचं सर्वमान्य बंधन नाही. खरा फरक गंजरोधकांत असतो. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेटसारखी अकार्बनी द्रव्यं धातूवर पटकन थर धरतात, पण दोनेक वर्षांत संपतात. सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं, ज्याला ओएटी म्हणतात, ते गंज जिथे सुरू होतो तिथेच खर्ची पडतं, म्हणून पाच वर्षं किंवा जास्त टिकतं. तिसरा प्रकार दोन्हींचं मिश्रण. त्यातही जपानी आणि कोरियन गाड्यांचं कूलंट बहुधा सेंद्रिय आम्ल अधिक फॉस्फेट, सिलिकेट नाही. युरोपीय गाड्यांचं बहुधा सेंद्रिय आम्ल अधिक सिलिकेट, फॉस्फेट नाही, कारण कठीण पाण्यातल्या कॅल्शियमशी फॉस्फेटचा क्षार जमतो. हे दोन्ही गुलाबी असू शकतात. तेव्हा मॅन्युअलमध्ये जे मानक किंवा जो प्रकार लिहिलाय, तोच कॅनच्या मागच्या लेबलवर शोधा. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेलं ‘सर्व गाड्यांसाठी’ हे मानक नव्हे.

तुमचं हिरवं पडलंय म्हणून उद्या आत जेली होईल असं नाही. तशी भीती घालणारे पुष्कळ भेटतील. पण दोन प्रकार मिसळले की गंजरोधकांचं गणित बिघडतं. लांब मुदतीचं कूलंट लांब मुदतीचं राहत नाही, आणि जोडी अगदीच विजोड असेल तर सिलिकेट गाळ होऊन खाली बसतं. तो गाळ पहिल्यांदा बसतो हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत. त्यामुळे आज तेच हिरवं आणखी लिटरभर घालून हवा काढून टाका, गाडी चालती करा, आणि योग्य कूलंट आणून पुढच्या काही आठवड्यांत व्यवस्थित बदला. तोवर आत प्रमाण काय आहे याची काळजी नको. जुनंही साधारण ५० टक्के, नवंही ५० टक्के, म्हणजे गोठण्यापासूनचं संरक्षण जागेवर आहे.

आता बदलायचं कसं याचं गणित, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. तुमच्या आकड्यांवरच करू. एका वेळी १२.५ पैकी ५.५ लिटर निघतं, ७ राहतं. म्हणजे प्रत्येक वेळी ५६ टक्के जुनं आतच. निघालं तेवढं डिस्टिल्ड वॉटर भरून इंजिन तापवलं, गार केलं, परत काढलं, की आत उरतं ३.९ लिटर जुनं. दुसऱ्यांदा धुतल्यावर २.२ लिटर. तिसऱ्यांदा धुतल्यावर १.२ लिटर. या टप्प्याला आत ७ लिटर द्रव आहे आणि त्यात जेमतेम १.२ लिटर जुनं मिश्रण, म्हणजे ०.६ लिटर ग्लायकॉल. बाकी सगळं पाणी. रिकाम्या साडेपाच लिटरमध्ये आता तयार ५०-५० मिश्रण ओतलं तर ग्लायकॉल होतं ०.६ अधिक २.७५, म्हणजे १२.५ लिटरमध्ये जेमतेम २७ टक्के. ‘नवं कूलंट भरलं, तरी थंडीत गोठून रेडिएटर फुटला’ या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं. तिथे ओतायचं ते न मिसळलेलं कूलंट, ज्याला कॉन्सन्ट्रेट म्हणतात. साडेपाच लिटर कॉन्सन्ट्रेट अधिक आतलं ०.६, म्हणजे ६.१ लिटर ग्लायकॉल, १२.५ मध्ये ४९ टक्के. बरोबर बसलं.

थोडक्यात नियम असा: पाण्याने धुतलं असेल तर कॉन्सन्ट्रेट, पाण्याने धुतलं नसेल तर तयार मिश्रण. तुमच्या गाडीचं योग्य कूलंट फक्त तयार मिश्रणातच मिळत असेल तर पाण्याच्या वाटेला जाऊच नका. त्याच मिश्रणाने काढ-भर करा. तीनदा केलंत तर १६.५ लिटर लागेल आणि ८२ टक्के नवं होईल. तीनही एकाच दिवशी करायची गरज नाही. मध्ये काही दिवस गाडी चालवलीत तर उलट चांगलं मिसळतं.

प्रमाणाबद्दल एक. ५०-५० मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं, उघड्यावर १०७-१०८ अंशांना उकळतं, आणि १५ पीएसआयच्या झाकणाखाली १२९ अंशांपर्यंत द्रवच राहतं. ‘जास्त घातलं तर जास्त चांगलं’ हे इथे चालत नाही. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं, आणि पाण्यापेक्षा उष्णताही कमी वाहून नेतं. ४० ते ६० टक्क्यांच्या बाहेर जायचं कारण नाही.

पाणी डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्डच. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम गरम धातूवर क्षार म्हणून बसतं, क्लोराइड ॲल्युमिनियमला खातं. मिठाच्या यंत्राने मऊ केलेलं पाणीही नको. त्यातलं कॅल्शियम गेलं तरी त्याच्या जागी सोडियम येतं आणि क्लोराइड तसंच राहतं. रसायनं घालून फ्लश करण्याचं म्हणाल, तर निघालेलं कूलंट स्वच्छ असेल तर मी ते सुचवत नाही. आठ वर्षांच्या गाडीत आतला गंज सुटून हीटर कोअरमध्ये जाऊन अडकला तर नसलेलं दुखणं विकत घेतल्यासारखं होतं.

प्रत्यक्ष काढताना इंजिन थंड म्हणजे खरोखर थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. वरचा जाड होज (रबरी नळी) दाबून बघा. मऊ लागला तरच झाकणाला हात लावा. दाबाखाली १०० अंशांच्या वरही द्रव असलेलं कूलंट झाकण सुटताच क्षणात वाफ होऊन उसळतं, आणि ते तोंडावरच येतं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक, मागच्या चाकांना अडसर, पुढची बाजू जॅकस्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही. किल्ली खिशात नको, लांब ठेवा. विजेचा फॅन इग्निशन बंद असतानाही फिरू शकतो.

खालचं प्लास्टिकचं कव्हर काढल्यावर रेडिएटरच्या एका खालच्या कोपऱ्यात कॉक दिसेल. त्याच्या चोचीवर बसेल अशी नळी लावा आणि तिचं दुसरं टोक किमान १५ लिटरच्या पसरट घमेल्यात सोडा. इथे घाई नको. आधी वरचं झाकण बंद ठेवूनच कॉक हाताने सैल करा. धार बारीक, थांबत-थांबत येईल, आणि झाकण रेडिएटरवर असलेल्या रचनेत त्याच वेळी बाजूच्या टाकीतली पातळी उतरताना दिसेल, कारण झाकणातला उलटा व्हॉल्व टाकीतलं कूलंट आत ओढून घेतो. टाकी रिकामी झाली की मग झाकण काढा. हवा वरून आत शिरल्याबरोबर धार एकदम जोर धरते. याच क्षणी घमेलं चुकीच्या जागी असलं तर ते सगळं जमिनीवर जातं. कॉक प्लास्टिकचा असतो आणि आठ वर्षांत ठिसूळ झालेला असतो. हाताने फिरला नाही तर पक्कड लावून पिळू नका. तो मोडला की रेडिएटरच उतरवावा लागू शकतो. अशा वेळी खालचा जाड होज काढा. क्लिप मागे सरकवून होज आधी गोल फिरवून सोडवायचा, मग ओढायचा. मध्ये पेचकस घालून उचकटलात तर रेडिएटरची प्लास्टिकची मान तडकते. होज अगदीच चिकटला असेल तर तो उभा चिरून काढावा आणि नवा टाकावा. होजपेक्षा रेडिएटर महाग.

इंजिन ब्लॉकलाही ड्रेन प्लग असतात, व्ही-सहा इंजिनात बहुधा दोन्ही बाजूंना एकेक. हाताशी असेल तो उघडा. गंजलेला आणि एक्झॉस्टच्या मागे दडलेला असेल तर सोडून द्या; दोन वेळा जास्त धुतलं की काम तेच होतं.

निघालेलं कूलंट खुणा असलेल्या कॅनमध्ये ओतून मोजा आणि त्यातलं थोडं पारदर्शक बाटलीत रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी लालसर-तपकिरी थर दिसला तर आत गंज आहे. पांढरी कणी म्हणजे क्षार. वर तेलाचा तवंग आला तर कूलंट बदलून भागणार नाही, गॅस्केट किंवा ऑइल कूलरकडे बघावं लागेल. नुसता रंग फिका झालाय आणि तळ स्वच्छ आहे, तर तुमचं इंजिन आतून चांगलं आहे आणि दोनदा धुतलं तरी पुरे. मात्र दोनदाच धुतलंत तर आत जुनं जरा जास्त असतं, म्हणून साडेपाच लिटर कॉन्सन्ट्रेट भरल्यावर प्रमाण ५३ टक्के येईल. चालतं.

आत रिकामं आहे तोवर दोन-तीन गोष्टी बघून घ्या. झाकणाचं रबर चिरलं असेल तर झाकण बदला. होज टोकांपाशी, क्लिपच्या अगदी जवळ, दाबून बघा. तिथेच ते आधी मऊ किंवा कडक होतात. थर्मोस्टॅट इतक्या वर्षांत बदलला नसेल तर आत्ता स्वस्तात होतो. त्यावर हवा जायला बारीक पिन असेल तर ती वरच्या बाजूला, घड्याळातल्या बाराच्या जागी यायला हवी. आणि मागच्या हीटरसाठी जिथे पाइपाला फाटे फुटतात तिथले प्लास्टिकचे टी-जोड नीट बघा. वर्षानुवर्षं गरम राहून ते बिस्किटासारखे होतात. होज ओढताना एखादा हातात तुटून आला तर वाईट वाटून घेऊ नका. हायवेवर तुटण्यापेक्षा इथे तुटलेला बरा. जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथे पत्र्याखालच्या धातूच्या पाइपांनाही बाहेरून गंज धरतो, त्यांच्यावरून एकदा बोट फिरवा.

याच टी-जोडांपाशी तुमच्या मागच्या हीटरचं उत्तर आहे. पुढची बाजू उचलून धरली की भरायचं तोंड पुढच्या भागात सगळ्यात उंच येतं आणि पुढची हवा तिकडे निघून जाते. मागच्या कोअरमधली हवा तशी निघत नाही, कारण तिला बाहेर यायला आधी खाली उतरावं लागतं आणि हवा आपणहून खाली उतरत नाही. प्रवाहाने ढकललं तरच ती येते, आणि आयडलवर त्या लांबलचक बारीक पाइपात प्रवाह अगदी क्षीण असतो. म्हणून मी मागचा फेरा वेगळा हाताळतो. इंजिनकडचे मागच्या हीटरचे दोन्ही होज सोडवायचे. एका होजमधून अगदी हलक्या दाबाने, एक बारच्याही खाली, हवा सोडायची. दुसऱ्यातून मागचं जुनं कूलंट बाहेर येतं. जास्त दाब दिला तर कोअरचा जोड सुटू शकतो. मग एका होजला नरसाळं लावून ते जमेल तेवढं उंच धरायचं आणि हळूहळू नवं तयार मिश्रण ओतायचं, दुसऱ्या होजमधून बुडबुडे न येता सलग धार येईपर्यंत. तेवढं झालं की दोन्ही जागेवर लावायचे. पाइपात व्हॉल्व असेल तर तो आधी उघडा हवा, म्हणजे मागचं नियंत्रण पूर्ण गरमवर.

या एका पायरीने दोन्ही कामं होतात: उरलेल्या ७ लिटरपैकी दोन-तीन लिटर धुण्याच्या भानगडीशिवाय निघतं, आणि सगळ्यात हट्टी हवा आत शिरतच नाही. ब्लॉकचा एखादा प्लगही उघडता आला आणि एकूण ९ लिटर निघालं, तर आत २८ टक्केच उरतं. अशा दोन काढ-भरीत ९२ टक्के नवं होतं, तेही पाणी न वापरता. मला तरी तुमच्या गाडीसाठी हाच रस्ता बरा वाटतो.

आता पुढून भरणं. कॉक हाताने बंद करा. त्याची ओ-रिंग सील करते, जोर नाही. झाकणाच्या जागी घट्ट बसणारं उंच नरसाळं लावा आणि सावकाश ओता, लिटरभराला मिनिटभर तरी लागू दे. मध्ये-मध्ये वरचा होज दाबत राहा; दर दाबाला ‘गुळुक’ करून फुगे वर येतील. हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून बिनफुग्याची धार येईपर्यंत तो उघडा ठेवा. बाजूच्या टाकीत दोन खुणांच्या मध्ये भरा. पुढचा-मागचा हीटर पूर्ण गरमवर, पंखे मात्र कमी वेगावर, नाहीतर इंजिन तापायला उगाच वेळ लागतो.

इंजिन चालू करा. पहिली दहा-पंधरा मिनिटं नरसाळ्यात फारसं काही घडत नाही, अधूनमधून एखादा फुगा. मग रीडरवर ८५-९५ अंश दिसायला लागले की थर्मोस्टॅट उघडतो आणि नरसाळ्यातली पातळी एकदम खाली जाते. त्याच वेळी वरचा होज हाताला गरम लागतो. पातळी जाईल तसं भरत राहा, नरसाळं रिकामं होऊ देऊ नका, नाहीतर काढलेली हवा परत आत ओढली जाईल. आता अर्धा ते एक मिनिट २,००० ते २,५०० आरपीएमवर धरा, सोडा, परत धरा. वेग सोडल्यावर फुग्यांचा एक घोळका वर येईल. फॅन किमान दोनदा लागून बंद होईपर्यंत हे चालू द्या. आकडा १०५ च्या पुढे जायला लागला तर इंजिन बंद करा. उघड्या नरसाळ्यात कूलंट उकळून बाहेर उसळेल. फुगे थांबल्यावर इंजिन बंद करायचं, नरसाळ्याचा बूच लावायचा आणि गार होईपर्यंत तसंच ठेवायचं. गार होताना ते आणखी थोडं आत ओढून घेतं.

मागचा हीटर आता तपासा. त्याचे दोन्ही होज गरम असतील तर झालं. जाणारा गरम आणि येणारा गार असेल तर आत हवा किंवा गाळ. दोन्ही गार असतील तर व्हॉल्व उघडलेला नाही, किंवा फेऱ्यात हवा अडकून प्रवाहच बंद आहे. इंजिन रेस केल्यावर गरम आणि आयडलवर गार, ही हवेची अगदी पक्की खूण. पुढच्या डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्याचा आवाज येत असेल तर तीही तीच.

कॉम्प्रेसर हाताशी असेल तर व्हॅक्यूम फिलरने हे सगळं अर्ध्या तासात आटोपतं. तो आतली हवा ओढून उणे ०.८ बारच्या आसपास नेतो. होज चपटे झालेले बघून दचकू नका, तसंच व्हायचं असतं. काटा पाच-दहा मिनिटं जागेवर राहिला तर कुठे गळती नाही, तपासणीही झाली. मग व्हॉल्व उघडला की कूलंट आपोआप आत खेचलं जातं, मागच्या कोअरमध्येसुद्धा.

शेवटी हिशेब जुळवा. जेवढं काढलं तेवढं आत गेलं पाहिजे. पाव लिटर कमी असेल तर पुढच्या दोन-तीन वेळा गाडी तापून गार झाली की टाकीतून ते ओढलं जाईल. टाकीवर चिकटपट्टीची खूण करून रोज सकाळी गार इंजिनावर पातळी बघा. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ती उतरायची थांबली पाहिजे. आठवडाभर चालवल्यावर रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून प्रमाण बघा. आधी डिस्टिल्ड वॉटरने त्याचा शून्य जुळवा, आणि मोजपट्टी इथिलीन ग्लायकॉलचीच वाचा. प्रॉपिलीनची शेजारी असते आणि वेगळा आकडा दाखवते. पातळी उतरतच राहिली, बाहेर कुठे गळती नाही, किंवा थंड इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होतो आणि फुगे काही केल्या थांबत नाहीत, तर ती अडकलेली हवा नव्हे. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतोय. त्यासाठी निळ्या द्रवाची चाचणी असते; द्रव पिवळा झाला तर हेड गॅस्केट गेलं असं समजून गाडी गॅरेजकडे न्यायची, तीही ओढून.

जुनं कूलंट विषारी आहे आणि चवीला गोड. कुत्र्या-मांजरांना आणि लहान मुलांना थोडंसंही जीवघेणं ठरू शकतं, मूत्रपिंडं निकामी करतं. घमेलं रात्रभर उघडं ठेवू नका, जमिनीवर सांडलेलं भरपूर पाण्याने धुण्याआधी भुशाने किंवा मातीने टिपून घ्या. गटारात किंवा झाडांच्या मुळाशी ओतायचं नाही. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरांत लिहा, पिण्याच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटल्या वापरू नका, आणि जुनं ऑइल-कूलंट स्वीकारणाऱ्या गॅरेजमध्ये किंवा घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या. पाण्याने धुणार असाल तर ते धुण्याचं पाणीही यातच धरा. तुमच्या आकड्यांनी पहिल्या धुण्याच्या पाण्यात २८ टक्के ग्लायकॉल असेल. तीनदा धुतलंत तर एकूण २२ लिटर जमा होतं, तेव्हा कामाला लागण्याआधी तेवढे रिकामे कॅन गोळा करून ठेवा.